सगळं सोबत घ्यायचं का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

जुने खेळ खेळणाऱ्या माझ्या दोस्तांनो, आपल्याला लोक हसतात. हातात वायरचा कंट्रोलर दिसला की विचारतात, अजून हेच का? शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचणारा रसिक ठरतो. वीस वर्षांपूर्वीचा खेळ खेळणारा मात्र वाया गेलेला! हा अन्याय मी आपल्या पुढच्या मेळाव्यात वेशीवर टांगणार आहे. त्या भाषणाचा कच्चा माल म्हणून ही रोजनिशी.

आणि मुहूर्तही झकास, कारण आज मला नोकरी लागली. खेळायची नोकरी! खाली जुन्या खेळांचं दुकान, वर एक खोली. खोलीत जाड पाठीचा टीव्ही, यंत्र, बूड रुतेल अशी खुर्ची, आणि गिऱ्हाइकांनी डोकावू नये म्हणून दाराला आतून कडी. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांच्याकडे एका मारधाडीच्या मालिकेचे पाचही भाग आले आहेत. ते मी ओळीने खेळायचे आणि प्रत्येकाबद्दलचं मत लिहून द्यायचं. गोडगोड लिहिलंस तर जिन्यावरून ढकलून देईन, असं काकूंनी बजावलं. मी म्हटलं, गोड बोलता आलं असतं तर आधीच्या नोकऱ्या टिकल्या नसत्या का?

घरी मी आणि ताई, दोघंच. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. तिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा निसटत नाही. बातमी ऐकून म्हणाली, म्हणजे इतके दिवस फुकट करत होतास तेच आता पगारावर करणार. डबा मात्र रोज आणून देईन म्हणाली. तिला खेळ बघायचाय हे मला कळत नाही असं तिला वाटतं. लहानपणी माझ्याकडून न हरणारे राक्षस तीच लोळवायची.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिला भाग संपवला. मत : कॅमेरा भिंतीत अडकतो, उड्या जीवघेण्या, आणि तरीही खेळ खेळाडूला माणूस समजतो. इकडे जा, तिकडे जा असे बाण नाहीत. चुकलास? पुन्हा चूक. आजचे खेळ आपल्याला बोट धरून फिरवतात आणि त्याला सोय म्हणतात! नायक एक पहारेकरी. त्याला शेवटी शीळ घालून ससाणा बोलवायला येतं. ते मिळवताना अंगठ्याला फोड आला.

दुसरा भाग लावताच पडद्यावर प्रश्न आला, सगळं सोबत घ्यायचं का? वरचा पर्याय 'सगळं घेऊन', खालचा 'रिकाम्या हाताने'. काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं की दुकानाची पद्धत आहे, कायम रिकाम्या हाताने. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुझ्याआधीच्यानेही असाच वाद घातला आणि मग यायचाच बंद झाला. हे काय कारण झालं?

दोस्तांनो, मालिकांमधला हा सर्वांत जुना दरोडा आहे! घाम गाळून नायकाला घडवावं, आणि पुढचा भाग सुरू होताच तो दरीत पडतो, शुद्ध हरपतो, उठतो तो कोरा. मिळवलेलं सगळं साफ. का? निर्मात्यांना नवं सुचत नाही म्हणून. आम्ही ही लूट मुकाट सोसणार नाही. मी 'सगळं घेऊन' निवडलं. काकूंना सांगितलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बारीकशी गंमत. मी जिना चढताना शीळ घालतो, जन्माची खोड. आज नुसती हवा येतेय. ताई म्हणाली, बरं झालं, शेजारी पेढे वाटतील. ओठ सुकले असतील.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुसरा भाग मालिकेतला हिरा. मारामारीला ताल आहे. घाव चुकवण्यात घाव घालण्याइतकीच मजा. नायक इथे एक विद्या शिकतो, मित्राच्या वेशातला शत्रू चेहरा बघताच ओळखणं. अशी विद्या हिसकावून घेणं म्हणजे पाप. तिसरा लावला. पुन्हा 'सगळं घेऊन'.

दुपारी एक बाई डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, ठेवा बाई, आज ताईला जमलं नाही का? त्या खो खो हसल्या. अरे बावळटा, नाटकात काम मिळालं का, असं म्हणाल्या.

आवाज ताईचा होता.

चेहरा

शनिवार, १५ फेब्रुवारी

झोप नाही. आरशात एक माणूस दाढी करत होता. मी हात थांबवला तेव्हा त्यानेही थांबवला, म्हणून कळलं. दुकानात तीन बायका उभ्या होत्या. हाक आली तेव्हा समजलं की मधली काकू.

काकूंना सगळं सांगून टाकलं. आधी शीळ, आता चेहरे; नायक शिकतो तेच माझ्यातून जातं. म्हणाल्या, तुझ्याआधीचा इथेच थांबला होता, तिसऱ्याच्या तोंडाशी. त्याची आई चपला न्यायला आली तेव्हा रडत होती. तो तिला अहो म्हणतो. अजूनही म्हणतो. सोड, घरी जा, असं काकू म्हणाल्या.

म्हणजे थांबलं तर हे असंच राहतं! मग मी का थांबू? पाचव्या भागाच्या डबीवर छापलंय, 'अखेरीस पहारेकरी सर्व काही परत करतो'. त्याला शेवटापर्यंत न्यायला हवं. आणि सगळ्यासकटच न्यायला हवं, नाहीतर तो परत काय देणार?

बुधवार, १९ फेब्रुवारी

तिसरा भाग चकचकीत आणि पोकळ. दर दहा पावलांना सिनेमा. याहून जास्त मत लिहवत नाही. खुर्चीत टेकवत नाही, उभ्याने खेळतो. नायक गर्जना शिकला. भिंती कोसळतात.

ताई रोज मागे बसते. मी वळलो की आधी बोलते, म्हणजे मला कळावं की तीच आहे.

चौथा लावला. सगळं घेऊन.

तिने विचारलं, झालं का रे? मी तोंड उघडलं—

गुरुवार, २० फेब्रुवारी

आवाज नाही. खोकलासुद्धा नाही. मी, ज्याच्या भाषणाला लोक खुर्च्या सोडून पुढे येत.

ताईशी कागदावर बोललो. सगळं लिहून दिलं. वाचताना तिने सवयीने एक वेलांटी सुधारली आणि मग रडली. म्हणाली, पुढचं मी खेळते, तुझ्याच नायकावर. तुझ्या हातून चौथ्याचा राक्षस या जन्मी मरायचा नाही. मी लिहिलं, नाही. तीनदा लिहिलं. ती म्हणाली, धाकटा आहेस, धाकट्यासारखा राहा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी माझ्याआधी पोहोचली. आतून कडी. मी दार बडवतोय. आतून म्हणते, लक्ष विचलित करू नकोस, छान चाललंय. चौथ्यात नायक काय शिकतो? काकूंकडून डबी आणली. हरवलेली लिपी वाचायला.

चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली : पुढे जाऊ नकोस. रिकाम्या हाताने. ऐक.

उशीर झाला. चिठ्ठी परत बाहेर आली. आतून हसून विचारते, हे काय पाठवलंस? नुसत्या रेघोट्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रात्रभर दारापाशी. ती उठतच नाही. म्हणते, झालंच आता, शेवटचा भाग.

काकूंनी मेन स्विच पाडला. सगळ्या दुकानात अंधार. दाराखाली उजेड तसाच. खेळाचा आवाज तसाच.

काकू आत ओरडल्या, बंद कर पोरी. ताई म्हणाली, आता बंद केलं तर माझा भाऊ असाच राहील ना!

पाचव्यात पहारेकरी पाण्याखाली श्वासाशिवाय चालायला शिकतो. श्वासाशिवाय.

काकूंना आठवलं ते त्यांनी आत्ता सांगितलं. शेवट झाला की हा खेळ थांबत नाही. पहिल्यापासून पुन्हा खेळणार का म्हणतो. आणि तोच प्रश्न विचारतो. परत करणं वगैरे नुसतं डबीवर—

तिला प्रश्न वाचता येणार नाही. वरचा पर्याय आधीच निवडलेला असतो. ती नुसतं बटण दाबेल.

आत शेवटचं संगीत सुरू झालंय. ताई आनंदाने ओरडली, हरला रे हरला—

मी खाली आलोय. दुकानात कोण कोण आहे, मला चेहरे कळत नाहीत. काकू वर दाराशी 'खालचं निवड' म्हणून ओरडताहेत, पण संगीतापुढे तिला ऐकू जात नाही. हे पान तुमच्यापुढे धरतोय. दोस्तांनो, हसू नका. भाषण नाही हे. दोघातिघांनी जिना चढा, दार फोडा, माझ्या एका खांद्याने हलत नाही. आत गेलात की आधी तिच्या हातातला कंट्रोलर

संगीत थांब