यादीतून गळलेली चार नावं

८ जून १९८७
आजपासून कॉम्प्युटर माझ्या टेबलावर. टाइपरायटर खाली स्टूलवर गेला. आमच्या खात्याचे राणेसाहेब म्हणाले, "मिस कांबळे, पर्सोनेलमध्ये टायपिंग तुमचं बरं आहे, तुम्हीच शिका." टायपिंगचा नि याचा काय संबंध, विचारलं नाही.
काम एवढंच. कारखान्यात चौसष्ट माणसं, सगळ्यांचा शिशाशी संबंध. बॅटरीच्या प्लेटा करतात. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचं रक्त तपासायचं, अंगात शिसं किती गेलं ते बघायला. कोणाची तपासणी आली, ती यादी मी दर महिन्याला रजिस्टर बघून हाताने काढते. आता मशीनने काढायची. भाषेचं नाव बेसिक. पुस्तक इंग्रजी, जाड. शिकवणारा कोणी नाही.

११ जून
पाच ओळींचा प्रोग्राम. सिंटॅक्स एरर. तीन तास. शेवटी कळलं, शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' दाबत होते. आमच्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नाही, छोटा 'एल' दाबून भागवायचो, कोणी काही म्हणायचं नाही. हे मशीन म्हणतं.

१३ जून
चाळीस ओळी झाल्या होत्या. दुपारी लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय. पहिलं पान मी सोडलं होतं.

१७ जून
मशीन थांबेना. यादीतलं पहिलं नाव परत परत छापत सुटलं, कागद टेबलाखाली साचला. पुढच्या नावावर जा, असं मी सांगितलंच नव्हतं.
हुसेनभाई रजेचा अर्ज घेऊन दारात उभे होते. उरणकडचे, बारा वर्षं शिशाच्या भट्टीवर. भट्टीचा रंग बघून ताव सांगतात, थर्मामीटर नंतर. म्हणाले, "बाई, माझा शिसा बिघडला तर मी वरून भुसा टाकतो, मळी वर येते. तुमी काय टाकता?"
मी म्हटलं, प्लग काढते. काढला.

२२ जून
एकूण माणसं किती? मशीन म्हणतं शून्य. चौसष्ट नावं समोर छापून वर शून्य.
एका ओळीत टोटलचं स्पेलिंग बरोबर, दुसरीत एक अक्षर गळलेलं. मशीन दोन वेगळ्या गोष्टी समजलं आणि गप्प बसलं. एरर दिली असती तर बरं झालं असतं. माणूस निदान विचारतो, ही दुसरी कोण?

२९ जून
आज जिंकले.
प्रत्येकाच्या नावापुढे, शेवटच्या तपासणीला किती महिने झाले तो आकडा. सहा किंवा जास्त असेल तर नाव छाप. पण चार जण नवीन लागलेत, त्यांची एकही तपासणी नाही, म्हणून तिथे आकड्याऐवजी 'न्यू' लिहिलं. तर एरर, तीही भलतीच ओळ दाखवून. पुस्तकात सापडलं: आकडा ज्या खुणेच्या अक्षरात ठेवायचा, त्यापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की आत अक्षरंही चालतात. लावला. मग दुसरी एरर, म्हणे प्रकार जुळत नाही. सहाच्या आकड्यालाही अवतरणचिन्हं घातली. गेली एरर. नवीन चौघं आपोआप यादीत आले, ते तर हवेच होते.
का चाललं ते नीट कळलं नाही. चाललं.

४ जुलै
मशीनची यादी, माझी हाताची यादी. शेजारी ठेवून बरोबरच्या खुणा मारल्या. एकूणएक जुळली. राणेसाहेबांनी वरच्या साहेबांना बोलावून दाखवलं. मला चहा आला, बशीसकट.
घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता तुझं काम ते करतंय, तर तू काय करणार बाई?"

९ जुलै
तपासणीचा दिवस. हुसेनभाई आणि आणखी तिघं सोडून यादीतले सगळे आले. हे चौघं एप्रिलपासूनच चुकवतायत. हु.भा. त्या दिवशी नेमके रजेवर असतात. सुईला घाबरतात असं खात्यात हसून बोलतात.

६ ऑगस्ट
राणेसाहेब: "आता हाताची यादी बंद. दोन-दोन कामं कशाला?" रजिस्टर कपाटात. महिन्यांचे आकडे वाढवून मशीनमध्ये टाकले, यादी काढली, बोर्डावर लावली. अर्ध्या तासात. पूर्वी अख्खा दिवस जायचा.

९ सप्टेंबर
हु.भा. खुशीत होते. "तुमचा मशीन चांगला हाय बाई. दोन महिने झाले, माझा नाव काढतच नाय. माफ केलान वाटतं."
हसले मी. ते गेले, मग हसू राहिलं नाही. त्यांची तपासणी झालेलीच नाही. मग नाव का नाही?
कपाटातून रजिस्टर काढलं. हुसेनभाई, शेवटची तपासणी गेल्या ऑक्टोबरात. अकरा महिने. मशीनमध्येही अकराच आहेत, मीच टाइप केलेत. अकरा सहापेक्षा जास्त. तरी नाव नाही.

१० सप्टेंबर
दिवसभर तेच. खोटे आकडे घालून बघितले. सात घातले, नाव येतं. आठ, येतं. नऊ, येतं. दहा, गायब.
वाशीला संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास चालतो, तिथल्या मास्तरांना गाठलं. कागद बघून त्यांनी बोट डॉलरवर ठेवलं. "हे आकडे नाहीत तुमचे, अक्षरं आहेत. डिक्शनरीसारखं लावतंय ते. आधी पहिलं अक्षर. दहाचं पहिलं अक्षर एक. एक सहाच्या आधी. म्हणजे दहा लहान."
म्हणजे सहा, सात, आठ, नऊ महिने चुकवणारा सापडतो. ज्याने सगळ्यात जास्त चुकवलं, तोच सुटतो. जुलैत कोणाचेच दहा झाले नव्हते, म्हणून यादी जुळली.
मास्तर म्हणाले, सगळे पहिल्यांदा इथेच पडतात. त्यांच्या क्लासात पडतात ते वेगळं, तिथे कोणाचं रक्त तपासायचं राहत नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार
कारखान्याची आठवड्याची सुट्टी. कपडे धुतले, तांदूळ निवडले. एरर आली तेव्हा ती मला काहीतरी सांगत होती. मी तिचं तोंड बंद केलं. हे राहून राहून मनात येतं.

१२ सप्टेंबर
दुरुस्त केलं. डॉलर काढला, नवीन माणसांपुढे 'न्यू'ऐवजी नव्व्याण्णव. यादीत चार नावं वाढली. चारही ऑक्टोबरवाले. सगळ्यात वर हु.भा.
लावायच्या आधी त्यांना सांगावं म्हणून भट्टीकडे गेले. ते मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन आले.
"बाई, दोन महिने नव्हता नाव, आणखी दोन नको असू दे."
मी म्हटलं, सुई एवढीशी असते हुसेनभाई.
"सुईला कोन भितो? माझा मेव्हना पलीकडच्या कंपनीत होता. रिपोर्ट वाईट आला, गेटवर बसवला. भट्टीचा मानूस गेटवर. वर्षात खचला." मग हळू, "माझे हात कापतात हल्ली. मला म्हाईत हाय काय येनार रिपोर्टमधे."
त्यांनी हात पुढे धरून दाखवला. खरंच कापत होता.
यादी तशीच घेऊन परत आले.

१३ सप्टेंबर
राणेसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "नावं वाढवा ना गुपचूप. मशीन चुकलं म्हणून वर कशाला सांगायचं?" मी म्हटलं, मशीन नाही चुकलं, मी चुकले, आणि लिहून देते. पुढे कोणी परत रजिस्टर बंद करेल तेव्हा कामाला येईल. ते नाराज. कागद घेतला मात्र.
यादी लावली. बोर्डासमोर हु.भा. बराच वेळ उभे होते. माझ्या खिडकीतून बोर्ड दिसतो.

१७ सप्टेंबर
तपासणी. चौघंही आले. हु.भा. सगळ्यात शेवटी. बाही खाली करत समोरून गेले.

१ ऑक्टोबर
रिपोर्ट आले. तिघांचं ठीक. हुसेनभाईंचा आकडा खूप वर. डॉक्टर म्हणाले, अजून सहा महिने भट्टीवर राहिला असता तर अवघड होतं. आणि म्हणाले, जुलैत आला असता तर बरं होतं. जुलैत नाव होतं, आले नव्हते. ऑगस्टमध्ये माझ्यामुळे नव्हतं. नाव असतं तर आले असते का? हा हिशेब लागत नाही.
भट्टीवरून काढलं. गेटवर नको, पॅकिंगला टाका, असं मी राणेसाहेबांना तीनदा म्हटलं. पॅकिंगला टाकलं.

१९ ऑक्टोबर
पॅकिंगवरून रिकामे खोके माझ्याच दारावरून जातात. हु.भा. नेतात, बघत नाहीत. भट्टीवर आता दोघं मिळून ते काम करतात, तरी प्लेटा नापास होतायत. त्याचा दोष बोलून दाखवत नाही कोणी, पण मला बघून गप्प होतात.
आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "त्यो जिता राह्यला तर बोलंल कधीतरी. नसंल बोलत तर नसंल."

१६ नोव्हेंबर
मशीनची यादी दर महिन्याला सुरू. रजिस्टरही सुरू, माझ्या हट्टाने. राणेसाहेब म्हणतात, मग मशीन घेतलं कशाला. रास्त आहे.
दुसरं एक सापडलं, शेवटच्या ओळीतल्या माणसाचं नाव कधीकधी दोनदा छापतं. निदान गाळत नाही.

९ डिसेंबर
आकडा वर होता म्हणून हु.भा. यांची दुसरी तपासणी लवकरच झाली. आज खोके मी स्वतः दारातून बाजूला केले, त्यांना जायला जागा व्हावी म्हणून. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. सप्टेंबरनंतरचे पहिले शब्द. एवढेच.

१२ डिसेंबर, शनिवार
हु.भा. यांच्या रिपोर्टचं पाकीट लॅबकडून आलं. डॉक्टरांच्या नावाचं, चिकटवलेलं. डॉक्टर मंगळवारी येतात.
अकराच्या सुमारास हु.भा. दारात.
"आला का?"
आलं, म्हटलं.
"मग?"
"डॉक्टरच उघडतील. मंगळवारी."
त्यांनी पाकिटाकडे बघितलं. "कमी असला तर परत भट्टीवर घेतील?"
मला माहीत नाही म्हटलं. खरंच नाही.
"आनि जास्त असला तर?"
तेही नाही.
जातील असं वाटलं. गेले नाहीत. समोरची खुर्ची ओढून बसले. मी दोन चहा सांगितले. पाकीट आमच्या मध्ये टेबलावर तसंच होतं.