पंचविसावी ओळ

३ फेब्रुवारी
आज वाडीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला लागलो. हातमाग सुटल्यापासून पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. चहा फुकट. हेड ऑफिसच्या मशीनला जोडलेला एक काळा पडदा आहे. कोणत्या खोलीत किती माणसं आहेत ते दारावरचा सेन्सर मोजतो आणि आकडा तिथे उमटतो. पाच वाजता सगळीकडे शून्य पाहायचं, मग बाहेरून कड्या घालायच्या. मी सातवी शिकलेला. चूक होऊ नये म्हणून सगळं वहीत लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी
पडद्यावर चौकटीच्या रेषांऐवजी q आणि x यांच्या रांगाच रांगा. खोल्या पाच, दिसतात चार. हेड ऑफिसच्या प्रमोदिनीबाईंना फोन केला. त्यांनी सेटिंगमधल्या 'ट्रान्सलेशन'च्या पानावर रेषांच्या पर्यायाला टिक करायला आणि पडद्यावरच्या खिडकीच्या ओळी चोवीसच्या पंचवीस करायला सांगितलं. रेषा ताण्याच्या सुतासारख्या सरळ झाल्या. तळाशी पाचवी खोली आली. आत: १.

५ फेब्रुवारी
पाचवी तर रिकामी, बंद. हमाल अंकुशला घेऊन उघडली. नुसते लोखंडी रॅक. तो हसत सुटला, म्हणाला, "काका, भूत हजेरी लावून राहिलं काय गा?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या, सेन्सर बिघडला असेल, माणूस पाठवते. दार लावलं. तरी १.

७ फेब्रुवारी
माणूस आला नाही. दिवसभर तो एकच आकडा डोळ्यांपुढे. आज ओळी परत चोवीस केल्या. पाचवी खोली पडद्यावरून गेली. तीन दिवसांनी पोटभर जेवलो.

११ फेब्रुवारी
मिरचीच्या गाड्या सुरू झाल्या. हमाल पाचवीतही पोती लावून राहिले. पाच वाजता चारही शून्य. कड्या घातल्या, पाचवीचीही.

तोच दिवस, साडेसहा
अंकुशच्या बायकोचा, शामलाचा फोन. तो घरी पोचला नाही. ओळी पंचवीस केल्या—
आत: २.

पावणेसात
कडी काढली. अंकुश दाराशीच पडलेला, अंग बर्फ, श्वास आहे. ओढत ऑफिसात आणला. अँब्युलन्स निघाली. माझ्यामुळे— मीच ती ओळ—
तो पुटपुटतो, आत कोणी तरी पाठीला पाठ लावून बसलं होतं.

पाचवीचं दार बंद केलं. पडद्यावर १ राहायला पाहिजे.
० आहे.
रेषा सरळ आहेत. सेटिंग बरोबर आहे. दोघंही बाहेर—
अंकुश समोर बाकावर. मी खुर्चीत. मागे भिंत आहे, भिंत इतकी गार कशी—