दोन पाठवली, दोन आली

४ ऑगस्ट, रविवार

या घराची खरी किंमत आजच मांडून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी "स्वस्तात मिळालं हो" म्हणायला नको. बासष्ट खोकी, त्यातलं काचसामानाचं नेमकं पालथं पडलं. कपाटाचा आरसा. हिची वाचनालयातली अकरा वर्षांची नोकरी. थोरलीची एकुलती एक मैत्रीण. धाकट्या भोंग्याचं मांजर, जे जुन्या शेजाऱ्यांच्या ओटीवर ठेवलं आणि ज्याने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तीन आठवड्यांची झोप. आणि फाटकाबाहेरून पाहिलेल्या चौदा शाळा. पैसे यात धरलेले नाहीत. पैसे परत मिळवता येतात, मी ते दोनदा करून पाहिलंय.

बारा वर्षांतलं हे चौथं गाव. पंपांचं काम असं असतं, पाणी जिथे अडतं तिथे बिऱ्हाड. सुटे भाग रॉकेलमध्ये धुण्यापासून मी सुरुवात केली, आज बारा माणसं माझ्या हाताखाली आहेत आणि इथल्या पाणीपुरवठ्याचं चार वर्षांचं काम हातात आहे. चार वर्षांत थोरलीचं हायस्कूल संपेल आणि भोंग्याचंही बहुतेक. म्हणून ठरवलं, या वेळी आधी शाळा, मग वस्ती, मग घर.

घर झकास आहे. दोन मजली, चौदा पायऱ्यांचा जिना, चौथ्या पायरीला वळण. नळाला असा जोर की बादली बोंबलते. भोंग्याने प्रत्येक खोलीत जाऊन आपल्या आवाजाची चाचणी घेतली. त्याचं नाव भोंगा उगाच पडलेलं नाही.

५ ऑगस्ट

शाळेचं लिहून ठेवतो, कारण त्यावरून घरात अजून थोडी धुसफूस आहे.

हिने फाइल केली होती. निकाल, शिक्षक किती, मैदान केवढं. मी म्हटलं, कागदावर सगळेच पंप नवे असतात. माझी पद्धत साधी. लांब पेचकस घ्यायचा, टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. आत काय झिजलंय ते मशीन स्वतः सांगतं. तसाच मी प्रत्येक शाळेच्या फाटकाबाहेर मधल्या सुट्टीत उभा राहिलो आणि ऐकलं.

हिला आणि थोरलीला बाजाराजवळची आवडली होती. तिथे काय तो गोंगाट. एक मास्तर ओरडतायत, पोरं खिडकीच्या गजांना लटकून आम्हालाच विचारतायत की तुम्ही कोण. ही म्हणाली, त्या पोरांनी आपल्याकडे पाहिलं तरी. मी म्हटलं, हे खडखडणारं मशीन आहे, वर्षात बसेल.

आणि मग ही टेकडीखालची शाळा. चारशे मुलं मैदानावर आणि आवाज कसा, तर नीट बसवलेल्या मोटरसारखा. एकसंध, खालच्या पट्टीत. कुठे खरखर नाही, कुठे ठोका चुकत नाही. मी तिथेच ठरवलं. प्रवेशाची अट एकच, या चार गल्ल्यांत राहायला हवं. दलालाने दुसऱ्या दिवशी घर दाखवलं. म्हणाला, इथे घर रिकामं राहत नाही. नंतर स्वतःशीच म्हणाला, मुलंवाले आले तर नाहीच.

८ ऑगस्ट

प्रवेश झाला. फॉर्म मजेदार होता. "मुलांची संख्या" याला तळहाताएवढी चौकट आणि नावांसाठी खाली बोटभर रेघ. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, छापखान्याने उलटं छापलं काय? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे संख्या कधी चुकत नाही.

भोंगा आत आला तसं त्यांनी मान तिरकी करून त्याची पावलं ऐकली. सहा वर्षांचा असताना तो माझ्याच कारखान्यात शिडीवरून पडला होता. डावी नडगी मोडली, वण राहिला आणि ते पाऊल थोडं घासतं. टप, सर्र. टप, सर्र. बाई एवढंच म्हणाल्या, होईल. सगळ्यांचं होतं.

मला बरं वाटलं. आपल्यासारखे कान असलेलं माणूस क्वचित भेटतं. म्हणून जरा फुशारकी मारली. म्हटलं, बाई, माझे डोळे बांधा आणि शंभर पोरं समोरून चालवत न्या, माझी दोन मी पावलांवरून काढून देईन. धाकटा डावा पाय घासतो, थोरली कुठल्याही घरात जिन्याच्या चौथ्या पायरीवर क्षणभर थांबते आणि हसली की शेवटी उचकी लागते. बाईंनी ते लिहून घेतलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. सोडायला गेलो तर शिपायाने फाटकाबाहेरच थांबवलं. आणायलाही यायचं नाही म्हणे, मुलं घरपोच होतात.

तीन चाळीसला गल्लीत रांग आली. दोन-दोनच्या जोड्या, सगळ्यांचं पाऊल एका ठोक्यात. प्रत्येक दारापाशी जेवढी हवीत तेवढी मुलं वेगळी होतात, रांग पुढे सरकते. मी कौतुकाने पाहत होतो. त्या ठोक्यात एकच सर्र होती, ती आमची.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, पाहिलंत, एकदाही चूक नाही. आमच्याकडे तीन. मी म्हटलं, काय नावं? ते आठवत राहिले. मग दूध उतू जाईल म्हणून आत गेले.

२० ऑगस्ट

भोंग्याचं पाऊल घासत नाही.

डॉक्टर म्हणाले होते की हे आयुष्यभराचं आहे. ही आधी आनंदाने रडली, देवापुढे हात जोडले. मग जेवताना म्हणाली, तो आज बोलला नाही हो. मी म्हटलं, नवी शाळा आहे, दमतो.

दमलोय खरा मी. सात पंपांपैकी पाच उघडलेत. घरी येऊन पाय पसरले की बाकी सगळं उद्यावर जातं. तरी थोरली वर गेली तेव्हा कान लागलेच. चौदा पायऱ्या, एका दमात. चौथीवर थांबली नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

दुपारी ही भोंग्याच्या पायाची नखं कापत होती. मध्येच उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. मी गेलो तर हळू आवाजात म्हणाली, डाव्या नडगीवर वण नाही.

मी स्वतः पाहिलं. गुळगुळीत.

चेहरा त्याचाच. निदान तसं वाटतं. पण चेहऱ्याचं काय, पंपाचा रंग बघून मी कधी बिघाड सांगितलेला नाही. तो आमच्याकडे शांतपणे पाहत होता, परक्याच्या घरी बसावं तसा, पाय जवळ घेऊन.

हिने फक्त एवढंच म्हटलं की बाजाराजवळची शाळा बरी होती. पुन्हा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२८ ऑगस्ट

आज वण आहे. उजव्या पायावर.

थोरली डावखुरी. आज जेवताना उजव्या हाताने जेवली. काल डाव्याने. हिने मुद्दाम तिला लहानपणीचा मांजराचा किस्सा सांगितला, जो ऐकून ती हमखास उचकी लागेपर्यंत हसते. ती योग्य जागी हसली. उचकी नाही.

रोज तीन चाळीसला दार वाजतं. दोघं येतात. रोज तीच येतात का, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मुलांना घरीच ठेवायचं ठरवलं. ही दाराला पाठ लावून उभी राहिली. आठ वाजता दोघं उठली, दप्तरं घेतली आणि तिच्यासमोर येऊन थांबली. हट्ट नाही, रडणं नाही. नुसती उभी. मग ही म्हणाली, अहो, ही आपली नसतील तर आपली कुठे आहेत? आणि बाजूला झाली. ती परत गेली नाहीत तर आपली परत कशी यायची, हा तिचा हिशेब. मला खोडता आला नाही.

पोस्टमास्तरांकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर बुटांचे तीन जोड, एकाच मापाचे. सरळ विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, सुरुवातीला मीही असा धावाधाव करत होतो. थोरला शिटी वाजवायचा, एवढं आठवतं. मग सवय होते. मुलं जेवतात, अभ्यास करतात, उलट बोलत नाहीत. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन पाठवलीत, दोन आली. आणखी काय पाहिजे माणसाला?"

५ सप्टेंबर

शाळेचा पंप आमच्याच कामात येतो. तपासणीचा कागद दाखवून आत शिरलो.

पंपघर मागे, टेकडीला टेकून. पंप सुरेख चालतो. त्याला पेचकस लावला, काही नाही. सहज मागच्या भिंतीला लावला.

मधली सुट्टी ऐकू आली.

आरडाओरड, भांडण, कोणी शिटी वाजवतंय, कोणी रडतंय, कोणी कोणाला चिडवतंय. चारशे पोरांचा गोंगाट, बाजाराजवळच्या शाळेत होता अगदी तसा. आणि त्यात एक हसणं, शेवटी उचकी. आणि भिंतीच्या अगदी जवळून, येरझारा घालत असल्यासारखं — टप, सर्र. टप, सर्र.

मी ओरडून हाक मारली. पावलं थांबली.

बाहेर येऊन पाहिलं. त्या भिंतीमागे टेकडीची माती आहे. वर वर्गांच्या खिडक्या उघड्या, चारशे डोकी वहीत, आवाज नाही.

अजिबात न खरखरणारं मशीन एकच असतं. बंद पडलेलं. पोरवयात शिकलो होतो हे. फाटकाबाहेर उभा असताना कुठे गेलं होतं?

६ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंना म्हटलं, दाखला द्या, मुलं काढायची आहेत. पोलीस, कोर्ट, जे तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी वही उघडून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. शंभर पोरांतून, पावलांवरून.

"सोमवारी सगळी मैदानावर असतील. ओळखा आणि घेऊन जा. मात्र एकदाच."

मी विचारलं, त्यांत माझी असतील? म्हणाल्या, संख्या चुकत नाही. तुमची दोन त्यांत असणारच.

८ सप्टेंबर

सामान नको. फक्त कपडे. गाडी दाराशी लावून ठेवली.

हिने दिवसभर त्यांच्या बोलण्या-चालण्याच्या जुन्या टेप लावून मला ऐकवल्या. परीक्षेला बसवावं तसं. मी म्हटलं, माझ्या पोरांची पावलं मला शिकवतेस? ती म्हणाली, तुमचे कान आहेत, म्हणून तर जिवंत आहे मी.

वरच्या खोलीत दोघं बसलीत. एका ठोक्यात श्वास —

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळ

मैदान. चारशे. एकच गणवेश, एकच भांग. ज्याच्याकडे पाहावं तो थोडा भोंगा वाटतो. जिच्याकडे पाहावं ती थोडी — म्हणून डोळे मिटले. रुमाल बांधला. चालवा म्हटलं.

चालली.

९ सप्टेंबर, दुपार

गाव सोडून तासभर झाला. पेट्रोल भरायला थांबलोय.

मागच्या सीटवर दोघं. मध्ये ही. दोघांचे हात धरून. तिने निघताना एकदाच विचारलं, ओळखलीत ना हो? मी हो म्हणालो. ती झोपली. महिनाभरात पहिल्यांदा.

फाटकातून बाहेर पडताना पंपघराकडून आवाज आला. टप, सर्र. आतूनच. धावत असल्यासारखा. माझ्या दोन्ही हातांत एकेक हात होता. मी थांबलो नाही.

ती उठायच्या आत खरं लिहितो —

चारशे जणांची पावलं. एक ठोका. घासणारं नाही, थांबणारं नाही. दोनदा चालवली. बाई म्हणाल्या, घंटा होईल. मला ओळखू आली नाहीत. एकही नाही. घंटा झाली तेव्हा मी रुमाल सोडला आणि मोजून दोन —