सासूबाईंची शंका

सोमवार, ४ ऑगस्ट
झालं! वर्गात शिकवायचंच नाही म्हणे. धडा घरी रेकॉर्ड करायचा, मुलांनी तो घरीच बघायचा, वर्गात फक्त चर्चा. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, नवी पद्धत आहे. मुलं बोलली नाहीत तर पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद." बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय. माझ्या तासाला पंख्याशिवाय कोणी आवाज केलेला नाही.

मंगळवार, ५
घरात शांत खोली एकच – सासूबाईंची. त्या पलंगावर मटार सोलत बसलेल्या. मी कपाटाला मोबाइल टेकवून समोर उभी. नाणं पाचदा उडवलं, पाचही वेळा छापा आला, तर सहाव्यांदा काय? तरीही शक्यता निम्मी-निम्मीच, मी म्हणाले.

मागून आवाज – "असं कसं? आता काट्याची पाळी नको?"

समजावलं. तर म्हणे, "माझ्या जावेला ओळीने चार मुली. पाचव्या खेपेला सगळे म्हणत होते, आता मुलगाच. ते काय खुळे होते?" माझं डोकंच फिरलं. चांगली पंधरा मिनिटं भांडले त्यांच्याशी.

बुधवार, ६
मोबाइल चालूच राहिला होता. भांडण कापलं तर उरतंय अर्धं मिनिट. पुन्हा करायला वेळ नाही, तसंच पाठवलं. उद्या अब्रूचं खोबरं.

गुरुवार, ७
वर्ग भांडतोय! अर्धे सासूबाईंच्या बाजूने, अर्धे माझ्या. मागच्या बाकावर कायम डुलक्या काढणाऱ्याने उठून माझ्या हातातला खडूच घेतला. दारात विभागप्रमुख उभे. तेही सासूबाईंच्या बाजूने.

गुरुवार, २८
आता मुलं आल्या आल्या विचारतात, "मॅडम, आजी काय म्हणाल्या?" मी काय म्हणाले ते कोणी विचारत नाही. आणि सासूबाईंना दर धड्याला नवी शंका. किती समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. पण काय करणार, त्यांच्यावाचून धडा होत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर
विषय वाचला. पुढच्या वर्षी दोन तुकड्या. मला चक्क रडू आलं.

सासूबाईंना सांगितलं. सहज विचारलं, "त्या जाऊबाईंना शेवटी मुलगा झाला का हो?"

"कुठला? पाचवीही मुलगीच. पाळीबिळी काही नसते, तेव्हाच कळलं मला."

"मग माझ्याशी भांडलात का?"

त्या मटार सोलत राहिल्या. "कपाटाशी एकटीच बोलत होतीस गं. बघवेना."