ऊब येईपर्यंत

शुक्रवार, ५ जानेवारी १९९६

पोचले एकदाची लॉस्ट मेअर खिंडीत! चढावर पिकअप दोनदा घसरली, पण माझी खुमखुमी काही जिरली नाही. पिकअपच्या पाठीवर माझा कॅम्पर, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यात पलंग, शेगडी, हीटर, टेबल आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक बाकडं. मार्चअखेरपर्यंत हेच माझं घर.

काम सोपं आहे. शनिवार-रविवारी बर्फावर घसरायला माणसं येतात, त्यांच्या गाड्यांचे पास बघायचे आणि संडासाच्या वाटेवरचा बर्फ ओढायचा. बाकी पाच दिवस इथे चिटपाखरू नसतं. मंगळवारी आणि शुक्रवारी आर्वल बर्फ लोटायची गाडी घेऊन येतो, तेवढाच काय तो माणसाचा चेहरा.

लॉइसला ही नोकरी सांगितली तेव्हा ती फोनवर खो खो हसली. म्हणाली, व्हर्ने, तुझं लोणचं होणार त्या डब्यात, मार्चमध्ये झाकण उघडून काढावं लागेल. म्हटलं, होऊ दे, मुरेन तरी. तीस वर्षं आम्ही दोघी बहिणी एका घरात राहिलो आणि सहासष्टाव्या वर्षी बाईसाहेबांनी लग्न केलं. थंडी सोसवत नाही म्हणे, म्हणून नवऱ्याबरोबर ॲरिझोनाच्या उन्हात गेली. रिकाम्या घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं.

रविवार, ७ जानेवारी

बाहेर उणे अठ्ठावीस, आत मी मजेत. खिडक्यांना रात्री फोमचे तुकडे ठोकून बसवते. उकळत्या पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घेते. उद्याचे कपडे पांघरुणातच ठेवायचे, म्हणजे सकाळी अंगात घालताना ओरडावं लागत नाही.

एका गोष्टीत मात्र हयगय नाही. छतातली झडप दोन बोटं उघडी ठेवायची, कितीही गारठा असो. हीटर हवा खातो. झडप लावून झोपलं की माणूस झोपेतच जातो. आधी डोकं दुखतं आणि ज्योत पिवळी पडते, तेवढीच सूचना.

श्वासाचं पाणी काचांवर धरतं, ते सकाळी फडक्यानं पुसून पिळते. पंचवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोजूनमापून रांधलं, ती खोड जात नाही. पाणी कॉफीच्या पेल्यात मोजते. एका बाईचं एका रात्रीचं पाणी एक पेला भरतं. लॉइसला कळवलं पाहिजे, नवऱ्याचं किती भरतं ते मोज म्हणावं.

बुधवार, १० जानेवारी

दुपारी चारला दारावर थाप पडली. बाहेर बर्फाचं वादळ होतं आणि माझे हात पिठात. मान न वळवता ओरडले, आत या आधी, दार लावा, नावगाव मागाहून सांगा. आमच्याकडे हिवाळ्यात असंच म्हणतात. आमचे वडील तर चोर आला तरी आधी चुलीपाशी बसवायचे. पाहुण्याला ऊब आल्याशिवाय दाराबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नियम आणि आता माझा.

दार उघडलं. गार झोत आला आणि दार हळूच लागलं. वळून बघते तर कुणीच नाही. बाहेर डोकावले, पायरीवर कोवळा बर्फ पडला होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. वारा असेल. पण वारा दार आपटतो, लावत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

आज दोन पेले पाणी निघालं. काल रस्सा उकळला त्याची वाफ असणार.

शुक्रवार, १२ जानेवारी

काल रस्सा केला नव्हता. झाकण ठेवून नुसती अंडी उकडली. तरी दोन पेले, काठोकाठ.

आर्वल कॉफीला आत आला. पन्नाशीचा, बोलघेवडा, टेबलापाशी बसला की अर्धा तास हलत नाही. आज समोरच्या बाकड्यावर टेकला आणि चटका बसल्यासारखा उठला. तोंडातून माफ करा असं निघून गेलं त्याच्या. कुणाला म्हणालास विचारलं तर ओशाळून हसला, म्हणाला, सवय हो बाई, चर्चमध्ये नेहमी म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसतो मी. मग कॉफी उभ्यानंच संपवली आणि गेला.

सोमवार, १५ जानेवारी

शनिवार-रविवार माणसांत बरा गेला. काल चारनंतर शेवटची गाडी उतरून गेली. खोटं कशाला लिहू, रडले थोडी.

आज दुपारी मी शेगडीपाशी उभी होते. बाकड्यावरच्या खिडकीत, बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी येईल इतक्या उंचीवर, काचेवर वाफेचा बशीएवढा डाग होता. फडक्यानं पुसला. पुन्हा धरला. मोठा झाला, लहान झाला, मोठा झाला. मी श्वास धरून ठेवला तरी तो चालूच होता.

मंगळवार, १६ जानेवारी

सकाळी झडप लागलेली होती. मी लावली नव्हती. डोकं ठणकत होतं.

आर्वल आत आला नाही. खिडकीतून लॉइसचं पत्र दिलं आणि म्हणाला, बाई, गावात माझ्या बहिणीची खोली मोकळी आहे, चला खाली, हट्ट कुणाला दाखवताय? म्हटलं, शुक्रवारी बघू. लॉइस लिहिते, व्हर्ने, पुरे झालं, इकडे ये, मागच्या खोलीत तुझा पलंग घातलाय. पत्र वाचून राग आला. आधी सोडून जायचं आणि मग पलंग घालायचा. मोठ्यानं वाचलं मी पत्र. काचेवरचा डाग तेवढा वेळ थांबला होता, ऐकत असल्यासारखा.

बाईच असावी. का ते सांगता येत नाही.

बुधवार, १७ जानेवारी

झडपेत लाकडी डाव अडकवून झोपले. सकाळी झडप बंद, डाव टेबलावर, पुसून ठेवलेला. तिला थंडी वाजते. एवढंच आहे ते. मला मारायचं नाहीये तिला, तिला फक्त थंडी वाजते, आणि त्यात मी मरेन.

आजपासून दोन पेले कॉफी ओतते. दुसरा गार होतो, लगेच, बर्फासारखा.

गुरुवार, १८ जानेवारी

धीर करून सांगितलं. म्हटलं, बाई गं, आठ दिवस झाले, आता निघ. दार उघडून धरलं. हात बधिर झाले तरी धरून उभी राहिले. बाकड्याच्या गादीवर तिच्या बसण्यानं पडलेला खळगा हलला नाही. उलट थरथरायला लागला. कुडकुडत होती. मलाच लाज वाटली. दार लावलं.

उद्या आर्वलबरोबर जायचं. नक्की.

शुक्रवार, १९ जानेवारी

वादळ. आर्वल आला नाही. बॅग भरून दिवसभर बसून होते. पिकअप चाकांच्या वरपर्यंत पुरली आहे आणि बॅटरी मेली आहे. पुढच्या केबिनमध्ये जाऊन बसले, विसाव्या मिनिटाला बोटं कळेनाशी झाली. परत आले. दुसरी जागाच नाही.

मी झडप उघडते. पाठ वळली की लागते. पुन्हा उघडते.

शनिवार, २० जानेवारी

ज्योत पिवळी. हीटर बंद केला तर तासाभरात बोटं जातात — झडपेखाली उभी राहून हातानं धरून ठेवली. माझ्या हातावर तिचा हात. गार. काय गार —

तिनं ओढलं नाही. नुसता ठेवला. तीन महिने कुणी हात धरला नव्हता माझा.

संध्याकाळी — उलटी झाली. अक्षर नीट येत नाही.

तिच्याशी बोलले. सगळं सांगितलं. लॉइस निघाली तेव्हा मी निरोप द्यायला खाली आले नाही, तेही. लॉइसला ते माहीत नाही की मी खिडकीतून —

रविवार, २१ जानेवारी

ऊन पडलंय. खाली आर्वलच्या गाडीचा आवाज. दोन वळणं खाली असेल. बर्फ लोटत येतोय, अर्धा तास लागेल. झडप उघडी आहे. मी उघडली आणि ती उघडीच राहिली. डोकं जरा —

तिनं का नाही लावली?

हात पुढे केला बाकड्याकडे. हाताला हात लागला. गार नाही. ऊबदार आहे, चांगला ऊबदार, पाव भाजायच्या दिवशी आईचा असायचा तसा. माझाच गार आहे.

ऊब आली तिला. एकदाची.

गादी वर आली. उठली ती. दाराची कडी — हलतेय. नियमच आहे, ऊब आली की पाहुणा —

भोंगा वाजला. आर्वल आहे. एकच वळण. मला फक्त बसून राहायचंय, झडप उघडी ठेवून, दहा मिनिटं. मग गाव. मग आर्वलच्या बहिणीची ती खोली, एक पलंग, एक पेला, सकाळी एकच —

दार किलकिलं झालं.

झडप लावली. मी. तिनं नाही, मी लावली —

थांब ना. बाहेर गारठा आहे, तुला अजून पुरती ऊब कुठे आलीय, बस, कॉफी ओतते, बस माझ्याजव