ईसीजीवर मिळालेली उमेदवारी

प्रिय तात्याबा,

मानसिंग हवालदाराचा (रिटायर) कडक सॅल्यूट. जतच्या थोरांना दंडवत, पोराबाळांना पापा. तुझा गुडघा कसा हाय? मेंढरं बरी हायती का? टँकर गावात येतो, का अजून सरपंचाच्याच दारात रिकामा होतो? आमची खुशाली म्हणशील तर मला हार्ट अटॅक आला आणि त्याच्या कृपेनं साखर कारखान्याच्या निवडणुकीचं तिकीट मिळालं.

गड्या, इतकी वर्सं नानासोच्या पॅनेलमागं हिंडलो, सतरंज्या उचलल्या, पण उमेदवारीचं नाव काढलं की त्याला नेमका फोन यायचा. मागं उसाला पाणी पाजताना माझ्या छातीत कळ आली. इस्लामपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं वायरी डकवून ईसीजी काढला, औषधं दिली, घरी सोडताना पुन्हा काढला. मग बोट ठेवून सांगितलं : अटॅक सरला, तरी ही रेघ जिथं सपाट पायजे तिथं खाली बसलीय, मधीच ठोकंबी वंगाळ पडत्यात, म्हणजे पुन्हा झटक्याचा धोका जास्त, कराडला जाऊन अँजिओग्राफी करा, उशीर नको. (बाई एवढीशी, पण आवाज आपल्या पलटणीतल्या सुभेदाराचा.)

तेवढ्यात नानासो भेटायला आला. तुझ्या वैनीच्या, बनुबाईच्या, हातात शहाळं दिलं आणि ईसीजी उजेडाला धरला. साखर उताऱ्याचे आलेख बघून बघून आपल्याला कुठलीबी रेघ वाचता येते, असा त्याचा समज हाय. तरी बाईला दोनदा विचारून घेतलं, धोका नक्की जास्त हाय न्हवं? बाई व्हय म्हणाली आणि नातू झाल्यासारखं त्याचं तोंड फुललं. ईसीजीचा फोटो लगेच गावाच्या ग्रुपवर : 'सभासदांसाठी झिजलेलं काळीज'. सांजेला उमेदवारी जाहीर! बायाबापड्या रडत्यात रं. विरोधी पॅनेलनंबी घाईनं आपल्या उमेदवाराचा ईसीजी काढला, पण बेण्याचा साफ नॉर्मल आला. आता त्याचं डिपॉझिट जाणार म्हणत्यात.

मी कराड म्हटलं की पॅनेल दचकतं. शिरा मोकळ्या होऊन मी ठणठणीत झालो तर सहानुभूती कुठनं आणायची? म्हणत्यात, मतदान झालं की जा. मला प्रचाराच्या गाडीवर उभा करत्यात. मी छातीवर हात ठेवला की टाळ्या पडत्यात. परवा खरंच कळ आली म्हणून ठेवला, तवाबी पडल्या. मीबी काय कमी न्हाई. संचालक व्हायची हौस सुटंना.

तुझा,
मानसिंग

ता.क. : माझा अर्ज बाद झाला तर असावा म्हणून नानासोनं बनुबाईचाबी डमी अर्ज भरलाय. मला वाटलं, रीत असती. आज बॅनरच्या दुकानात गेलो तर तिचं बॅनर तयार! कोपऱ्यात माझा फोटो, फोटोला हार, खाली तारीख तेवढी टाकायची ऱ्हायलीय. (फोटो मातूर झकास आलाय.) तात्याबा, मला लय भ्या वाटतंय. तुझी जीप घेऊन ये आणि मला कराडला ने. निवडणूक गेली खड्ड्यात.

ता.क. दुसरा : बॅनरचं ऐकून बनुबाईनं नानासोला दारातनं हाकलला. मला म्हणाली, माघारीला मुदत हाय, तुमचा अर्ज मागं घ्या, माझा ऱ्हाऊ दे. मी निवडून येणार आणि नवऱ्यासकट येणार. तवा लवकर ये रं. तिला एक मत कमी पडायला नको.