साहेबांच्या वडिलांचा फोटो

आबा, माझा आताचा धंदा तुम्हांला पटला नसता. बारामतीतलं माझं कॅमेरे आणि इंटरकॉम बसवायचं दुकान तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही गेल्यानंतर त्यात आणखी एक काम आलं. कंपन्यांच्या ऑफिसात चोरून ऐकायचं यंत्र कुणी लपवलंय का, ते मी शोधून देते. टेलिफोनच्या लाइनमनची पोर, आणि करते काय, तर लोकांच्या भिंतींचे कान शोधत हिंडते. पैसे बरे मिळतात, मान त्याहून जास्त मिळतो, आणि मानाचीच सवय वाईट.

रविवारी मी तुमच्या सायकलवर मागं बसून लाइनीवर यायची. एकदा तुम्ही वर खांबावर होता आणि तुमचा तपासणीचा फोन खाली डब्याला जोडलेला होता. मी तो कानाला लावला. कुठल्याशा घरातली बाई माहेरी फोन करून रडत होती, ते सगळं ऐकलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला रंगवून सांगितलं. तुम्ही ताटावरून उठलात. मारलं नाहीत. "कानावर आल्यालं तितंच पुरायचं," एवढंच म्हणालात आणि न जेवता झोपलात. आईनं मला दोन दिवस वाढलं ते तोंड फिरवूनच.

आणि तो म्हसोबाजवळचा खांब. इंदापूरकडच्या एका वस्तीची लाइन बंद होती. सगळे खांब बघून झाले, हा एक राहिला होता, आणि तो शेंदराच्या दगडांना अगदी चिकटून. तुमच्याबरोबरचे लाइनमन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की त्यो, तितं कुणी पाय लावत न्हाय." तुम्ही चपला काढल्या, दगडाला डोकं टेकवलं आणि चढलात. तार तिथंच तुटलेली होती. उतरल्यावर मला म्हणालात, "पाया पडायचं, पोरी, पर खांब सोडायचा न्हाय." कपाळाला शेंदूर लागलेला तुमचा चेहरा बघून मी घरी येईपर्यंत हसत होते.

आता लोणी देवकरचं सांगते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत फळं परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे. वडील वारल्यावर मुलगा मालक झाला, त्यांना सगळे साहेब म्हणतात. ते दुकानात आले ते रडकुंडीला येऊनच. "आमी ऑफिसात बसून ठरवायचं, उद्या अमक्याच्या डाळिंबाच्या बागंत जायाचं. आन् गेलं की तितं दुसऱ्या कंपनीचा माणूस आधीच चहा पीत बसल्याला!" सुट्टीच्या दिवशी मी माझी यंत्रं घेऊन गेले. डिटेक्टर सगळ्या खोलीत फिरवला, तो गप्प. पण सिमकार्डावर चालणारं यंत्र कुणी त्याला फोन लावेपर्यंत झोपलेलंच असतं, म्हणून हातानं सगळं उघडून बघावं लागतं. मी सगळे स्विचबोर्ड खोलले, एसी खोलला, घड्याळ खोललं, छताच्या फळ्या उचलल्या. खुर्ची उलटी केली तेव्हा साहेबसुद्धा हसले.

त्या खुर्चीमागं त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. चंदनी हार घातलेला, खाली दिवसरात्र जळणारा विजेचा छोटा दिवा. दिव्याची वायर फोटोच्या मागं जाते. ती वायर मला दिसली होती, आबा. मी चपला काढल्या, हात जोडले आणि मागं वळले. कुणी अडवलं नव्हतं. गेलेल्या माणसाचा फोटो त्याच्या मुलासमोर भिंतीवरून उतरवायचा, पालथा घालायचा आणि मागं स्क्रूड्रायव्हर घालायचा, एवढं मला झालं नाही. ऑफिसात काही नाही, असं मी सही करून लिहून दिलं.

साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "यंत्र न्हाय म्हंजी माणूस हाय."

माणूस म्हणजे तात्या. कऱ्हाटीचे. साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून ते ऑफिस सांभाळत होते, प्रत्येक बैठकीत कोपऱ्यात बसून लिहून घेत होते, रोज सकाळी त्या फोटोला उदबत्तीही तेच लावत होते. पंधरा दिवसांत त्यांना घरी बसवलं. चौकशी नाही, तक्रार नाही, नुसतं कुणीतरी बोललं आणि कंपनीपासून कऱ्हाटीपर्यंत झालं की म्हातारा फितूर निघाला.

चार महिन्यांनी साहेबांचा पुन्हा फोन. "तात्या गेलं तरी बातमी फुटतीयाच." या वेळी मी गेल्या गेल्या फोटो उतरवला. मागं दिव्याच्याच वायरीला जोडलेला काडेपेटीएवढा डबा होता, आत सिमकार्ड. साहेब आले, डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "मागल्या टायमाला हे व्हतं का?"

"नव्हतं," मी म्हणाले. "नंतर बसवलंय कुणीतरी."

साहेबांनी वडिलांचा उतरवलेला फोटो सरळ करून टेबलाला टेकवला. मग म्हणाले, "म्हंजी म्हातारा जाता जाता बसवून गेला." मी पिशवी आवरत होते. आवरतच राहिले.

परवा कऱ्हाटीला जाऊन आले. सांगायचं म्हणूनच गेले होते. काकूंनी चहा ठेवला, तर तात्या कप घेऊन उठले, "चला, भायेर बसू." काकू हळूच म्हणाल्या, "घरात बोलतच न्हाईत आता. फोन आला तरी बांधावर जात्यात. कोण ऐकत आसंल म्हंत्यात." बाहेर तात्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या मशिनीत माझं काय निघालं व्हतं का? साहेब सांगंनात. मला नुसतं कळू द्या, माझं काय चुकलं."

"तुमचं काही निघालं नव्हतं, तात्या."

"मंग कशापायी?"

चहा संपवला आणि निघाले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही निघाले.

आल्यावर त्यांनाच पत्र लिहायला बसले होते. 'तात्या' एवढं लिहून हात पुढं चालेना, म्हणून ते खोडून 'आबा' लिहिलं. तुमच्याकडं हे पोचणार नाही, त्यामुळं इतकं तरी उतरलं. एक मात्र अजून लिहिलेलं नाही. तो डबा सापडला तेव्हा साहेब खोलीत नव्हते. डब्यावर उदबत्तीच्या धुराची काजळी धरलेली होती, बोटाला लागेल एवढी; पंधरा दिवसांत तेवढी धरत नाही. आणि तात्या गेल्यापासून त्या फोटोला कुणी उदबत्ती लावलेली नाही, हे शिपायानं मला येताना जिन्यातच सांगितलं होतं. साहेब आत यायच्या आधी मी ती काजळी ओढणीनं पुसून काढली.